लोखंडी रिम घरच्या घरी रंगवायच्या तर

रिमचा रंग नुसत्या उन्हाने क्वचितच जातो. खडी उडून टवका निघतो, पाना घसरून नटाभोवती लोखंड उघडं पडतं, व्हीलकॅपची क्लिप एकाच जागी घासत राहते. अशा एखाद्या बारीक जागेतून पाणी शिरतं आणि गंज रंगाखालून आजूबाजूला सरकत जातो. वरून रंग धड दिसतो, पण नखाने उचकला की पापुद्रा निघतो आणि खाली तांबडी भुकटी असते. त्या पापुद्र्यावरच नवा रंग मारला तर एका पावसाळ्यात तो जुन्याला घेऊन खाली येतो. म्हणून या कामातला बहुतेक वेळ गंजाची कड शोधण्यात आणि ती साफ करण्यात जातो. रंग मारणं त्या मानाने थोडक्यात आटोपतं.

खालची माहिती वॅगनआर, स्विफ्ट, बोलेरो अशा गाड्यांच्या पत्र्याच्या रिमसाठी आहे. अलॉय रिमना ती लावू नये, अॅल्युमिनियमला अस्तर (प्रायमर) वेगळं लागतं. ट्रकच्या लॉक रिंगवाल्या रिमना घरी हातच लावायचा नाही. हवा भरलेली असताना ती रिंग निसटली तर जीव जातो. जुन्या चेतकसारख्या स्कूटरची रिम दोन तुकड्यांची असते. ती खोलण्याआधी ट्यूबमधली हवा पूर्ण काढायची, मगच दोन भाग जोडणारे नट सैल करायचे.

रिम रंगवण्यालायक आहे का

रंगाने रिम मजबूत होत नाही, उलट दोष झाकले जातात. आधी रिम धुऊन उजेडात नीट बघावी. नटाच्या भोकांपासून निघालेली केसासारखी रेघ, लांबट झालेलं भोक, हवेच्या खिडक्यांच्या कोपऱ्यातली चीर, मधली तबकडी आणि बाहेरची कड जिथे वेल्ड केलेली असते तिथला खोल खड्डा, यातलं काहीही दिसलं तर ती रिम भंगारात द्यावी. वेल्ड मारून चालवू नये. टायर चढवलेल्या रिमला वेल्ड किंवा गॅसची ज्योत तर कधीच लावू नये. आतली हवा आणि रबर तापून टायर फुटतो.

कडेला किरकोळ पोचा असेल आणि हवा धरत असेल तर रंगवायला हरकत नाही. हवा हळूहळू उतरत असेल तर बहुधा बीड, म्हणजे टायरची आतली जाड कड, रिमवर बसते त्या जागेवर गंज आहे. तो टायर उतरवल्याशिवाय निघत नाही.

टायर काढायचा की ठेवायचा

गंज फक्त बाहेरच्या तोंडावर असेल तर टायर राहू द्यावा. ट्यूबलेस टायरची बीड घरी सुटली तर हातपंपाने किंवा लहान कॉम्प्रेसरने ती परत बसत नाही, चाक उचलून पंक्चरवाल्याकडे न्यावं लागतं. गंज कडेच्या आतही असेल, किंवा टायर बदलायची वेळ आलीच असेल, तर मात्र टायर उतरवून दोन्ही बाजू करून घ्याव्यात आणि चढवताना रबरी वाल नवा घालावा. वाल स्वस्तात मिळतो, पण नंतर तेवढ्यासाठी टायर पुन्हा उतरवावा लागतो.

सुरुवात स्टेपनीपासून करावी. ती रंगवून वाळली की एका चाकाच्या जागी चढवायची, निघालेलं चाक रंगवायला घ्यायचं, असं करत पाचही होतात आणि गाडी एक दिवसही अडकून पडत नाही. शिवाय हात बसेपर्यंतच्या चुका स्टेपनीवर निघून जातात. काही गाड्यांत स्टेपनी लहान मापाची आणि ठरावीक वेगापुरतीच असते. तिथे ही युक्ती चालणार नाही.

चाक काढताना नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक लावावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो, त्यामुळे मागचं चाक उचललं की त्याचा निम्मा आधार जातो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी. चाक निघालेली गाडी तासन्‌तास ठेवायची तर जॅक स्टँडवर ठेवावी. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वजनाखाली अचानक फुटतात.

सामान

टायर न काढता पाच रिमच्या फक्त बाहेरच्या बाजू करायच्या तर ४०० मिलीचे प्रायमरचे २, रंगाचे ३ आणि क्लिअरचे (रंगावर मारायच्या पारदर्शक थराचे) २ स्प्रे कॅन धरावेत. मागच्या बाजूही करायच्या तर दुप्पट. रंगाचे कॅन एकदमच आणि एकाच बॅचचे घ्यावेत, कारण सिल्व्हरची छटा बॅचगणिक थोडी बदलते आणि शेजारशेजारच्या चाकांवर ती दिसते. पॉलिश पेपर ८०, १२० आणि ३२० नंबरचे, ६०० चा वॉटर पेपर, प्रत्येकी चार-पाच. हाताचा तारेचा ब्रश, ड्रिलला लागणारा कप ब्रश (वाटीच्या आकाराचा तारेचा ब्रश), उरलेल्या गंजावर लावायचं, त्याला स्थिर थरात बदलणारं कन्व्हर्टर, मास्किंग टेप, भांडी घासायची हिरवी घासणी, धागे न सुटणारं सुती कापड आणि पत्त्यांचे दोन जुने कॅट. पत्ते कशाला ते पुढे येईल.

ब्रशने मारायचं असेल तर सिंथेटिक एनॅमलचा अर्धा लिटरचा डबा पाच रिमच्या बाहेरच्या दोन हातांना पुरून उरतो. जीप, पिकअप, टेम्पोच्या रिमना ब्रशचा एनॅमल काही वाईट दिसत नाही. पाच-दहा टक्के टर्पेंटाइन घालून पातळ करावा, म्हणजे ब्रशच्या रेघा आपोआप बसतात.

सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक रंग रिमला आणू नये. ब्रेक तापतो म्हणून तोच बरा, असं अनेकांना वाटतं. तो रंग पक्का व्हायला भट्टीसारखी उष्णता लागते, रिम काही तेवढी तापत नाही, त्यामुळे तो कच्चाच राहतो आणि धुताना हाताला लागतो. रोजच्या वापरातल्या रिमला गाडीचा साधा अॅक्रिलिक रंग पुरतो.

धुणं

आधी दाबाचं पाणी आणि तारेचा ब्रश मारून चिखल काढावा, मग भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवावं. मागच्या बाजूला ग्रीसचा थर असेल तर रॉकेल किंवा डिझेलने तो सुटतो, पण त्यांचा तेलकटपणा मागे राहतो. म्हणून त्यानंतर पुन्हा साबण आलाच.

खरा शत्रू टायर पॉलिश आहे. त्यातलं सिलिकॉन रिमच्या कडेवर उडालेलं असतं आणि डोळ्याला दिसत नाही. त्यावर रंग पडला की तो गोल गोल मागे सरतो आणि वाटाण्याएवढे खड्डे पडतात, पेंटर त्यांना फिश आय म्हणतात. टायरची बाजूही साबणाने घासावी, आणि सिलिकॉन निघेपर्यंत पॉलिश पेपर लावू नये. आधी घासलं तर ते ओरखड्यांत आणखी आत जातं. शेवटी थिनरने ओलं केलेलं कापड फिरवायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. नुसतं ओलं कापड फिरवलं तर मेण-तेल जागचं फक्त पसरतं.

गंज काढणं

कंपनीतून येणारी रिम फॉस्फेटच्या द्रावणातून काढून, मग विजेच्या साहाय्याने बसवलेल्या अस्तराने रंगवलेली असते. घरी मारलेलं कुठलंही प्रायमर त्या अस्तराच्या तोडीचं नाही. म्हणून जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो काढू नये. सगळी रिम उघडी पाडून ‘नव्याने’ करायचा मोह होतो, त्यात चांगलं अस्तर फुकट जातं.

फुगलेले पापुद्रे पटाशीने किंवा जुन्या सुरीने उचकावेत आणि रंग हट्टाने चिकटून बसलेला सापडेपर्यंत बाहेर सरकत जावं. मग कप ब्रश. ग्राइंडरला लावायचा असेल तर ब्रशवर छापलेला वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा. लहान हँड ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो आणि ड्रिलचा ब्रश त्यावर तुटतो. तारा सुटून उडतात. चष्मा लावल्याशिवाय मशीन चालू करू नये.

कप ब्रशची एक खोड आहे. तो दाट गंज काढण्याऐवजी त्याला पॉलिश करतो. तपकिरी जागा चकाकायला लागली म्हणजे गंज निघाला असं समजू नये, तिथे ८० चा पेपर हाताने मारावा. स्वच्छ लोखंड राखाडी-पांढरं दिसतं. ग्राइंडरची फ्लॅप डिस्क वेल्डच्या रेषेवर आणि टायर बसतो त्या कडेवर चालवू नये, पत्रा पातळ होतो.

खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतातच. फक्त त्यांच्यावर कन्व्हर्टर लावावं, चांगल्या रंगावर नाही. फॉस्फोरिक आम्लाचं असेल तर बाटलीवर सांगितलेला वेळ ठेवून ते पाण्याने धुऊन लगेच पूर्ण वाळवावं. आम्लाचा अंश राहिला आणि वर दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर मारलं तर ते नीट पक्कं होत नाही, महिन्याभरात चादरीसारखं सुटतं.

उघडं लोखंड आणि जुना रंग यांच्यात पायरी असते. १२० आणि मग ३२० ने ती उतरती करावी. डोळे मिटून बोट फिरवलं तर कड लागता कामा नये, कारण नवा रंग कड झाकत नाही, उलट उठवून दाखवतो. बाकी सगळ्या जुन्या रंगावर हिरवी घासणी ओली करून चमक जाईपर्यंत फिरवावी. चमकदार राहिलेल्या प्रत्येक जागेवरून पुढे रंग सोलून निघेल. विशेषतः नटांच्या वाट्या आणि खिडक्यांच्या आतल्या कडा, तिथे बोट सहज जात नाही म्हणून त्या राहून जातात.

खड्डे भरायला गाडीच्या बॉडीला लावतात ती लांबी (पुट्टी) वापरू नये. रिम चालताना किंचित लवते, लांबी तडकते आणि त्या फटीत पाणी साठतं. जाड बसणाऱ्या प्रायमरचे दोन हात मारून ३२० ने घासलं तर जेवढं भरायला हवं तेवढं भरतं. उरलेले खड्डे दोन हात लांबून कुणाला दिसत नाहीत.

झाकाझाक

टायर चढवलेलाच असेल तर हवा ८-१० पीएसआयपर्यंत उतरवावी. टायरची बाजू सैल होते आणि रिमची कड व टायर यांच्यात पत्ता आत सरकतो. निम्म्यावर निम्मा असे पत्ते लावत गेलं तर १४ इंची रिमभोवती चाळीसेक पुरतात, म्हणजे एका चाकाला एक कॅट. टेपपेक्षा हे चांगलं, कारण रंग कडेच्या थोडा मागेपर्यंत जातो आणि टायर-रिमच्या सांध्यात उघडी रेघ उरत नाही. हवा पूर्ण सोडू नये, बीड सुटेल.

वालवर स्ट्रॉचा तुकडा किंवा टेप. कडेला ठोकलेली बॅलन्सिंगची वजनं हलवू नयेत, त्यांच्याभोवती रंगवावं. खाली गंज असल्याने काढावीच लागली तर नंतर चाक बॅलन्स करून घ्यावं.

आता दोन जागा, ज्यांच्यावर रंगाचा थर नको. एक, नट बसतो ती निमुळती वाटी. दोन, रिमच्या मागचा सपाट भाग जो हबला (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्याला) टेकतो. रंग दाबाखाली चुरतो, त्या चुऱ्याएवढी जागा मोकळी होते आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. प्रायमरचा एक पातळ हात चालेल. त्यानंतर वाट्यांत कागदाचे बोळे घालावेत आणि मागच्या सपाटीवर टेप चिकटवावा. टायर उतरवलेला असेल तर बीड बसते तिथेही तेवढंच, पातळ प्रायमर, बाकी काही नाही.

हवा आणि जागा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा हंगाम, तोही सकाळचं दव उडून गेल्यावर. पावसाळ्यात, कोकणात तर नकोच: रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पडतो. शिवाय घासून उघडं केलेलं लोखंड दमट हवेत काही तासांत पिवळं पडायला लागतं, त्यामुळे घासणं आणि प्रायमर यांच्यात रात्र जाऊ देऊ नये. विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी उलटी अडचण होते. रिम हाताला चटका बसेल एवढी तापते आणि रंग पोचायच्या आधी हवेतच वाळून खरबरीत पडतो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये फवारा मारायचा तर फ्रिजचं मोठं खोकं आडवं उघडून त्याच्या आत रिम ठेवावी. रंगाची धूळ शेजारच्या गाडीच्या काचेवर बसते आणि मग रंगापेक्षा भांडण जास्त दिवस टिकतं. बंद खोलीत, गॅसजवळ किंवा जळत्या समईच्या आसपास हे काम नको, वाफ पेट घेते. साधा कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. हार्डनर मिसळायचं टू-के क्लिअर घरी मारू नये. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो.

अस्तर आणि रंग

रिम बादलीवर किंवा चौरंगावर आडवी ठेवावी. उभ्या रिमवर ओघळ हमखास येतात. आतली गोळी खडखडायला लागल्यावरही कॅन दोन मिनिटं हलवावा. अंतर २५ ते ३० सेंटिमीटर, आणि हात थांबवायचा नाही. फवारा रिमच्या बाहेर सुरू करून बाहेरच बंद करावा.

प्रायमरचा पहिला हात नुसता भुरभुरता. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, पुरेपूर. आधी खिडक्यांच्या कडा आणि नटांच्या वाट्यांभोवतीचा भाग, मग तोंड. उलट केलं तर कडा करताना तोंडावर थर चढत जातो. पूर्ण वाळल्यावर ६०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा. लोखंड उघडं पडलं तर तेवढ्यावर पुन्हा प्रायमर.

रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त आहे आणि एनॅमलखाली उत्तम चालतं. पण त्यावर स्प्रे कॅनचा किंवा एनसीचा (नायट्रोसेल्युलोजचा) रंग मारला की त्यातलं कडक थिनर खालच्या थराला फुगवतं आणि सगळीकडे सुरकुत्या येतात. एनॅमलवर एनॅमल, कॅनवर त्याच कंपनीचा कॅन, हे धरून चालावं. जुन्या रिमवर आधी कुणी काय मारलंय ते माहीत नसेल तर मागच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर मारून अर्धा तास वाट पाहावी.

रंगाचे तीन पातळ हात, मधे दहा ते पंधरा मिनिटं. दोन जाड हातांपेक्षा तीन पातळ लवकर पक्के होतात. कॅनवर दुसरा हात कधी मारायचा ते लिहिलेलं असतं: बहुतेकांत ‘तासाभरात, नाहीतर २४ किंवा ४८ तासांनी’. मधल्या वेळात मारलं तर अर्धवट वाळलेला थर उठतो. जेवायला जाऊन येऊन पुढचा हात मारणाऱ्यांचं काम नेमकं इथे बिघडतं. क्लिअरचंही हेच. सिल्व्हरवर क्लिअर मारायचं की नाही ते कॅनवर बघावं. बेस कोट (वर क्लिअर धरूनच बनवलेला रंग) असेल तर क्लिअर हवाच, नाहीतर वर्षभरात बोटाला चंदेरी भुकटी लागेल.

मॅट काळा फॅशनमध्ये आहे. पण त्याच्या खरबरीत पृष्ठभागात ब्रेकची धूळ आणि तांबडी माती रुतून बसते, घासलं तर तिथे चमक येते आणि डाग कायमचा राहतो. काळाच हवा तर अर्धचमकीचा घ्यावा.

ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नये. एक दिवस जाऊ द्यावा, ६०० ने पाण्यात सपाट करावा आणि वरून एक हात मारावा. फिश आय आले तर वरून रंग ओतून ते भरत नाहीत. वाळू देऊन घासायचं, पुन्हा थिनरने पुसायचं, मग आधी अगदी कोरडा भुरभुरता हात. दुधाळपणा आला तर कोरड्या उन्हाच्या दिवशी वरून एक पातळ हात मारला की बहुधा जातो. सुरकुत्यांना मात्र इलाज नाही, तो भाग घासून काढावा लागतो.

चढवताना

रंग अर्ध्या तासात हाताला लागेनासा होतो, पण आतून तो मऊ असतो. नट लावायच्या आधी निदान २४ तास, थंडीत ४८ तास जाऊ द्यावेत. टायर मशीनवर चढवायचा असेल तर आठवडाभर थांबावं, मशीनचा जबडा ताजा रंग ओरबाडतो. दाबाच्या पाण्याने धुणंही आठवडाभर नको.

चाक निघालेलं असतानाच हबचा गंज तारेच्या ब्रशने काढावा आणि मधल्या उंचवट्याच्या कडेला अँटी-सीझचं (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या ग्रीससारख्या लेपाचं) बोट फिरवावं, म्हणजे पुढच्या वेळी रिम हबला चिकटून बसणार नाही. स्टडवर (नट ज्यावर फिरतो त्या बोल्टवर) आणि नटाच्या वाटीत ते लावू नये. तेलकट आटे त्याच जोराने जास्त ताणले जातात. डिस्क ब्रेकवर रंग किंवा ग्रीस उडू देऊ नये.

नट हाताने फिरवून बसवावेत, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने घट्ट करावेत. हवा गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेली भरावी, पत्त्यांसाठी उतरवलेली तशीच विसरू नये. लहान गाड्यांत नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघावा. पायाने पान्यावर उभं राहिलं की तो सहज ओलांडला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत, वाटीतला प्रायमर दबून एखादा सैल होतोच.

व्हीलकॅप लावणार असाल तर क्लिप जिथे टेकतात तिथे रंग आधीच एक हात जास्त मारून ठेवावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कॅप काढून मागे साठलेला चिखल धुवावा. उरलेल्या कॅनमधून थोडा रंग झाकणात फवारून बारीक ब्रशने टवके भरता येतात. वापरून झाल्यावर कॅन उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबला तर नोझल तुंबत नाही.